फक्त फेटा भगवा ठेवून बाकी फोटो ब्लॅक अँड व्हाइट कसा करायचा?

ढोल-ताशा पथकातल्या मुलीचा फोटो, फेटा तेवढा रंगीत हवाय, पण मोबाइल अ‍ॅपमध्ये नारिंगी सोडून बाकीचे रंग काढले तरी चेहरा रंगीतच राहतो, असं तुम्ही विचारलंय.

राहणारच. अ‍ॅप रंगावरून निवड करतं आणि त्वचा, गोरी असो की सावळी, नारिंगीच्याच आसपास पडते. शिवाय मागे उभ्या असलेल्यांचे फेटेही भगवेच. म्हणून इथे मास्क लागतो, म्हणजे परिणाम फोटोत कुठे दिसावा आणि कुठे नाही हे ठरवणारा काळा-पांढरा पडदा. फोटोशॉपमधली रीत सांगतो.

ऑब्जेक्ट सिलेक्शन टूल घेऊन फेट्याभोवती चौकोन ओढा. पाठीवर सुटलेला शेमला त्यातून निसटला, तर क्विक सिलेक्शनने जोडून घ्या. मग सिलेक्ट मेनूत मॉडिफायमध्ये जाऊन काँट्रॅक्ट १ पिक्सेल (निवड आत सरकते) आणि त्यानंतर फेदर ०.५ पिक्सेल (कड मऊ होते). याचा कंटाळा करू नका. कडेच्या पिक्सेलमध्ये फेटा आणि मागचं आकाश मिसळलेलं असतं. ते आत राहिलं की करड्या आकाशावर नारिंगी-निळी रेघ उमटते आणि फोटो कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आता लेयर्स पॅनेलच्या तळाशी अर्ध्या काळ्या-पांढऱ्या गोलातून ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लेयर घ्या. तुमची निवडच त्याचा मास्क बनते, म्हणून उलटंच होईल, फेटा करडा आणि बाकी सगळं रंगीत. घाबरू नका, मास्कवर क्लिक करून कंट्रोल+आय दाबा, मास्क उलटतो.

इथे ह्यू-सॅच्युरेशनचा सॅच्युरेशन उणे १०० करणारे पुष्कळ आहेत. त्यात शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकाच करड्या छटेत येतात, फोटो मेलेला वाटतो. ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो. रेड्स ४० वरून ६०-६५ पर्यंत न्या, चेहरा उजळतो. त्याहून वर ताणलं तर जेपेगमध्ये गालांवर चौकोनी डाग दिसू लागतात. निळा कमी केला की आकाश गडद होतं. फेटा मास्कमध्ये असल्यामुळे त्याला यातलं काही लागत नाही.

उरलेलं हाताने. १०० टक्के झूम, बी दाबून ब्रश, हार्डनेस (कडेचा कडकपणा) ८० च्या आसपास. काळ्याने रंगवलं की रंग परत येतो, पांढऱ्याने जातो, एक्सने अदलाबदल. अगदी मऊ ब्रश घेतला तर कपाळावर नारिंगी वलय राहतं. कपाळावर आलेल्या बटा करड्याच ठेवा. फोटोवर थेट काळा फराटा उमटला, तर तुम्ही मास्कऐवजी फोटोच्या लेयरवर रंगवताय. शेवटी ऑल्ट दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक करा, नुसता मास्क दिसेल. सुटलेले ठिपके तिथे लगेच सापडतात, विशेषतः तुऱ्याच्या चुण्यांमध्ये.

एवढं करूनही फेटा अंगावर आल्यासारखा वाटेल, कारण करड्यात एकटा रंग आहे त्याहून भडक दिसतो. मास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये डेन्सिटी, म्हणजे मास्कचा जोर, १०० वरून ८५ करा. फेट्याचा रंग थोडा उतरतो आणि फोटोत बसतो. मला तरी पूर्ण १०० कधी आवडत नाही.

मोड मेनूतलं ग्रेस्केल मात्र वापरू नका, त्यात फेट्याचाही रंग जातो. आरजीबी या रंगीत मोडमध्येच राहा, पीएसडी (लेयर्ससकट फोटोशॉपची मूळ फाइल) जपून ठेवा आणि पाठवायला जेपेग वेगळी काढा.