संपादक की संकलक?

प्रश्न असा आला आहे : "आम्ही किल्ल्यांवर व्हिडिओ करतो. शेवटच्या श्रेयनामावलीत चित्रीकरण कापून-जोडून देणाऱ्या मैत्रिणीच्या नावापुढे 'संपादक' लिहिलं, तर एकाने 'संकलक' करा म्हणून सुचवलं. वर्तमानपत्राचा एडिटर संपादक आणि सिनेमाचा एडिटर संकलक, असं का? आम्ही काय लिहावं?"

संकलक लिहा. आता कारण सांगतो, ते जरा लांबचं आहे.

'संपादन' हा मुळात मिळवण्याचा, तडीस नेण्याचा शब्द. आपण यश संपादन करतो, विश्वास संपादन करतो, आणि सरकार रस्त्यासाठी जमिनी घेतं ते भूसंपादन. तेव्हा संपादक म्हणजे काम पार पाडणारा माणूस. कात्रीशी त्याचा मूळचा संबंध नाही.

मराठीत तर एकेकाळी 'संपादक' याहून भारी शब्द चालत होता, तो म्हणजे 'कर्ता' किंवा 'कार'. निबंधमालाकार चिपळूणकर, काळकर्ते परांजपे. पत्र आणि माणूस यांच्यात फटच नाही! आणि हा 'कर्ता' नुसता मिरवण्यापुरता नव्हता. 'काळ' या साप्ताहिकातल्या लेखांसाठी शिवराम महादेव परांजप्यांना १९०८ साली १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी १८९७ मध्ये 'केसरी'वर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. बाळ सुटले, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. लिहिणारा, छापणारा, प्रसिद्ध करणारा कोण, हा प्रश्न त्या काळी थेट तुरुंगापर्यंत जात असे.

तो हिशेब आजही छापला जातो. कुठल्याही मराठी दैनिकाच्या एखाद्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातली ओळ बघा : मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, कुठे छापलं, कुठून प्रसिद्ध केलं. संपादकाच्या नावाजवळ पुष्कळदा फुली असते आणि खाली 'पीआरबी कायद्यानुसार' जबाबदारीचा उल्लेख. हा 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स', म्हणजे छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा, १८६७ चा कायदा. त्यातली संपादकाची व्याख्या थोडक्यात अशी : प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण तो. भाषा सुधारणारा नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघणारा तर नाहीच (तो मुद्रितशोधक, बिचाऱ्याचं नाव दिवाळी अंकात दिसलं तर दिसलं). आता त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, २०२४ च्या मार्चपासून लागूही झाला, पण ती ओळ काही गेलेली नाही.

'संकलन'चं गोत्र वेगळं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संकलित म्हणजे बेरीज, व्यवकलित म्हणजे वजाबाकी. शाळेतली 'संकलित चाचणी' ऐकून मुलं घाबरतात, ती याच कुळातली. गोळा करून एकत्र मांडणं, एवढाच अर्थ. खरं तर सिनेमाच्या टेबलावर ठेवण्यापेक्षा टाकून देण्याचंच काम जास्त, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर त्याला व्यवकलक म्हणायला हवं होतं. पण तुकडे एका ओळीत आणणारा तो संकलक, हे आता इतकं रुळलंय की खोड काढण्यात अर्थ नाही.

पुस्तकांत हाच भेद नीट दिसतो. आजीच्या ओव्या जमवून वहीत उतरवल्या तर ते संकलन. त्यातल्या निवडल्या, पाठभेद ताडले, टिपा लिहिल्या, प्रस्तावनेत आपलं म्हणणं मांडलं की संपादन. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेसाठी कागद दारोदार हिंडून गोळा केले. तेवढ्यावर ते थांबले असते तर संकलकच म्हटलं असतं, पण त्यांच्या लांबलचक प्रस्तावनांशीच लोक अजून भांडतात.

वृत्तवाहिनीत दोघेही एकाच मजल्यावर असतात. 'एडिटला बसलोय' असं पोरगा फोनवर सांगतो तेव्हा तो संकलन करत असतो. ती बातमी लावायची की नाही हे काचेच्या खोलीतला संपादक ठरवतो.

जाता जाता, त्याच श्रेयनामावलीत तुम्ही स्वतःला 'निर्माता' म्हणणार असाल तर सांभाळून. मराठी प्रेक्षकाच्या लेखी निर्माता म्हणजे पैसे घालणारा. कंटेंट क्रिएटरसाठी 'आशयनिर्माता' कुठे कुठे वाचतो, पण बोलताना कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आलेला मजकूर तसाच पुढे पाठवणाऱ्यांसाठी मात्र इंटरनेटवरच्या मराठी मंडळींनी 'ढकलपत्र' हा झकास शब्द आधीच देऊन ठेवलाय, त्यावरून 'ढकलकर्ते' म्हणायला माझी हरकत नाही.

तर मैत्रीण संकलक. अमुक बुरुज कुणी बांधला, कुठली दंतकथा ठेवायची, कुठली गाळायची, हे ज्याने ठरवलं तो संपादक. चूक निघाली तर प्रेक्षकांच्या शिव्याही त्यालाच. दोन्ही कामं तीच करत असेल तर 'संपादन आणि संकलन' असं सरळ लिहा. ओळ थोडी लांबेल, एवढंच.