वाचकांचे प्रश्न: ॲनिमेशन महोत्सवातले लघुपट पाहावेत कसे, लिहावेत कसे

प्रश्न: मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. ॲनिमेशन महोत्सवात एका बैठकीत नऊ लघुपट पाहिले. त्यावर महाविद्यालयाच्या अंकासाठी ८०० शब्द लिहायचे आहेत. अंधारात वहीत खरडलेलं आता वाचते तर चौथा आणि सहावा लघुपट एकमेकांत मिसळलेत, आणि बाकी ठिकाणी 'सुंदर', 'संथ', 'कळलं नाही' एवढंच आहे. यातून लेख कसा उभा करू?

उत्तर: आधी हातात आहे ते वाचवू या. नऊ कोरे कागद घ्या आणि कार्यक्रमपत्रिकेत पाहून प्रत्येकावर एका लघुपटाचं नाव, देश, साल आणि लांबी लिहा. मग वही न उघडता प्रत्येक लघुपटातली आठवेल ती एक चौकट काढा, काड्यापेटीएवढी. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. पात्र चौकटीत कुठे होतं, उजेड कुठून येत होता, मोकळी जागा किती होती, इतकं पुरे. चौथा आणि सहावा बहुधा इथेच वेगळे होतील. त्यानंतर वही उघडा आणि प्रत्येक टिपण ज्या चित्राशी जुळेल त्या कागदावर उतरवा. ज्याची एकही चौकट आठवत नाही तो लघुपट लेखातून गाळा. नऊच्या नऊ घ्याल तर प्रत्येकाच्या वाट्याला नव्वद शब्दही येत नाहीत आणि तेवढे कथा सांगण्यातच खर्च होतात. तीन घ्या.

आता 'संथ'. या शब्दाआड निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्यातली कोणती हे लेखात यायलाच हवं. पहिली, शॉट, म्हणजे कट न होता सलग चालणारं दृश्य, लांब असणं. सात मिनिटांत पंधराच शॉट असतील तर एकेक शॉट सरासरी २८ सेकंद टिकतो, मग त्यात कितीही धावपळ असो. दुसरी, हालचालच सावकाश असणं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, याला 'ऑन टूज' म्हणतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. या १२ चित्रांत पात्राचा हात टेबलावरून तोंडापर्यंत न्यायचा आहे असं समजा. चित्रं सारख्या अंतरावर काढली तर हात यंत्रासारखा सरकतो. सुरुवातीला आणि शेवटी दाट, मध्ये विरळ काढली तर त्याच हाताला वजन येतं. वेळ दोन्हीकडे एकच सेकंद. तुम्हाला जे जड किंवा हलकं वाटलं ते बऱ्याचदा या अंतरामुळे असतं, वेगामुळे नाही. आणि तिसरी, पात्र चक्क थांबलेलं असणं: चित्र स्थिर, फक्त आवाज चालू. यातलं थांबणं जाणूनबुजून आहे की चित्रं वाचवण्यासाठी, हे त्यानंतर काय घडतं यावरून कळतं. थांबण्यातून पुढची हालचाल उठत असेल तर ते जाणूनबुजून आहे.

'सुंदर'चंही तसंच. तो शब्द खोडा आणि डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहा. उदाहरणार्थ: 'म्हातारी खुर्चीतून उठते तेव्हा आधी तिचा हात दांडा शोधतो, मग क्षणभर काहीच होत नाही, मग पाठ हलते.' एवढ्या वाक्यातून वाचकाला तिचं वय, तिचे गुडघे आणि ॲनिमेटरची नजर तिन्ही दिसतात. कथेचा सारांश दोन वाक्यांत संपवा. तिसरं सुचलं तर हात आवरा.

तुमच्या शेऱ्यांत आवाजाबद्दल एक शब्दही नाही, आणि ही उणीव मोठी आहे. ॲनिमेशनमध्ये कुठलाच आवाज आपोआप येत नाही. चित्रीकरणाच्या जागी माइक ठेवून पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरचा गलका मिळाला, असं इथे होत नाही. कपबशीचा आवाज ऐकू आला तर तो कुणीतरी ठरवून घातला आहे, आणि पावलं वाजली नाहीत तर तेही ठरवून. शिवाय संवाद असतील तर आवाज सहसा आधी ध्वनिमुद्रित होतो आणि ओठ त्याच्याबरहुकूम काढले जातात. पुढच्या वेळी प्रत्येक लघुपटात साधारण अर्धा मिनिट डोळे मिटून ऐका. त्या अर्ध्या मिनिटातलं चित्र हुकेल, पण लेखाला उपयोगी असं काहीतरी नक्की हाती लागेल.

टिपणांची पद्धतही बदला. एका लघुपटाला एकच पान, पेन नको, पेन्सिल हवी. अंधारात पेनची शाई उमटली की नाही ते कळत नाही. डावा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवला की ओळी एकमेकींवर चढत नाहीत (डावखुऱ्यांनी उजवा). लघुपट चालू असताना चार-पाच शब्दांपलीकडे लिहू नका, कारण मान खाली गेली की नेमकी हालचाल सुटते. श्रेयनामावली सुरू झाली की मात्र भरभर लिहा, आणि ती वाचाही: बाहुल्या कुणी बनवल्या, कम्पोझिटिंग (वेगवेगळे थर एका चौकटीत जोडणं) कुणी केलं, या नोंदींतून तंत्र कळतं. पान उलटल्याशिवाय पुढचा लघुपट पाहू नका. तुमची सरमिसळ बहुधा इथेच झाली.

प्रश्न: एका लघुपटात पात्र शांत उभं असतानाही त्याच्या रेषा सारख्या थरथरत होत्या. दुसऱ्या एका बाहुलीपटात उजेड लुकलुकत होता. हे दोष समजायचे का?

उत्तर: पहिला नव्हे, दुसरा बहुतेक वेळा होय.

रेषांच्या थरथरीला ॲनिमेटर 'बॉइल' म्हणतात, म्हणजे उकळी. तेच चित्र तीन-चार वेळा पुन्हा गिरवतात आणि आळीपाळीने दाखवतात. हात कितीही सराईत असला तरी रेषा तंतोतंत त्याच जागी पडत नाही, म्हणून उभं पात्रही जिवंत भासतं. दोनच चित्रं आलटून पालटून वापरली तर मात्र नुसती फडफड दिसते; तीनपासून पुढे डोळ्याला आवर्तन सहज ओळखू येत नाही. खरा दोष ओळखण्याची खूण अशी: पात्राबरोबर मागचं दृश्यही एकदम उडी मारत असेल तर कागदाची भोकं पेगवर, म्हणजे कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांवर, नीट बसली नव्हती किंवा कॅमेरा हलला. पार्श्वभूमी स्थिर आणि फक्त रेषा हलत असतील तर ती उकळी.

बाहुलीपटात एकेक फ्रेम स्वतंत्र छायाचित्र असते, आणि दोन छायाचित्रांमध्ये कित्येक मिनिटं जाऊ शकतात. तेवढ्यात खिडकीतलं ऊन सरकतं, विजेचा दाब बदलतो, ॲनिमेटरच्या पांढऱ्या सदऱ्यावरून परतलेला उजेड सेटवर पडतो. आणखी एक छुपं कारण लेन्समध्ये असतं. कॅमेऱ्याच्या ताब्यातलं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) प्रत्येक छायाचित्राला उघडतं-मिटतं आणि दर वेळी अगदी तेवढंच मिटत नाही. प्रत्येक फ्रेमला उजेडात किंचित फरक, आणि सेकंदाला १२ ते २४ फ्रेम दाखवल्या की तो लुकलुकाट होतो. म्हणून हाताने ॲपर्चर लावायची जुनी लेन्स वापरतात, एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने पक्के करतात, खिडक्या काळ्या कापडाने बंद करतात आणि स्वतः गडद कपडे घालतात. उरलासुरला लुकलुकाट नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, पण सावल्या जागा बदलत असतील तर तो उपाय चालत नाही.

मातीवर दिसणारे बोटांचे ठसे किंवा बाहुलीच्या केसांची सळसळ या मात्र वेगळ्या गोष्टी. हात लागल्याची ती खूण असते आणि अनेक कलावंत ती मुद्दाम राहू देतात. आमच्या मते तिला उणीव म्हणणं म्हणजे विणलेल्या शालीत टाके दिसतात अशी तक्रार करणं.

प्रश्न: वाळूचं ॲनिमेशन आणि काचेवर रंगवलेलं ॲनिमेशन पडद्यावर ओळखायचं कसं? मी एकाला दुसरं समजले.

उत्तर: दोन्ही काचेवर होतात, दोन्हींत एक चित्र पुसून त्याच जागी पुढचं करतात, म्हणून गल्लत होते. उजेड कुठे आणि कसा अडतो ते पाहा. वाळूत तो खालून येतो: थर जाड तिथे काळं, विरळ तिथे करडं, बोट फिरलं तिथे लख्ख पांढरं. कडांना दाणे दिसतात. रंगात प्रकाश आरपार येतो, त्यामुळे रंगछटा असतात आणि कुंचल्याचे किंवा बोटांचे फराटे दिसतात. नुकत्याच पुसलेल्या आकाराची पुसट सावलीही मागे राहते.

दोन्हींत कट कमी आणि रूपांतरं जास्त असतात: पक्षी वळतो, त्याचा पंख पसरत पसरत डोंगर होतो. याचं कारण साहित्यात आहे. वाळू आणि ओला रंग ढकलता येतो, म्हणून एका आकारातून दुसरा आकार काढणं स्वाभाविक ठरतं. धोकाही तितकाच आहे. मागचं चित्र उरत नाही, त्यामुळे चाळिसाव्या फ्रेमला चूक झाली तर बऱ्याचदा शॉट पहिल्यापासून करावा लागतो. रंग वाळू नये म्हणून पाण्याच्या रंगात ग्लिसरीन घालतात किंवा सावकाश सुकणारे तैलरंग घेतात. ॲनिमेटर कॅरोलिन लीफ यांनी १९७४ साली वाळूत आणि १९७६ साली काचेवरच्या रंगात केलेलं काम या दोन पद्धतींची तुलना करायला उत्तम आहे, कारण हात एकच आहे. रशियन ॲनिमेटर अलेक्सांद्र पेत्रोव्ह काचेवर बोटांनी तैलरंग फिरवतात. १९९९ सालच्या त्यांच्या वीस मिनिटांच्या लघुपटासाठी २९,००० हून अधिक चित्रं झाली.

एक सावधगिरी. आता संगणकावर वाळूही दिसते आणि तैलरंगही. कार्यक्रमपत्रिकेत तंत्र दिलं नसेल तर 'वाळूचं' असं न लिहिता 'वाळूसारखं दिसणारं' असं लिहा.

प्रश्न: ज्यात गोष्टच नव्हती, नुसते आकार आणि ठिपके नाचत होते, त्याबद्दल 'कळलं नाही' याशिवाय काय लिहायचं?

उत्तर: गाण्यातल्या आलापाचा अर्थ विचारत नाही, तशीच इथेही विचारणा बदला. काय परत परत येतं? परत येताना त्यात काय फरक पडतो? वेग कुठे वाढतो? आकार आवाजाच्या ठेक्यावर पडतो की ठेक्याच्या किंचित आधी? या चार प्रश्नांची उत्तरं लिहिली तरी अर्धं पान भरतं. इशू पटेल यांनी १९७७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी केलेल्या लघुपटात नुसते रंगीत मणी आहेत. संवाद नाही. तरी एक आकार दुसऱ्याला गिळतो आणि मोठा होत जातो हे पाहताना भांडण कशाचं चाललंय ते सहज लक्षात येतं. त्याच संस्थेतले नॉर्मन मॅकलरेन तर फिल्मच्या पट्टीवर थेट रेषा काढत, आणि पट्टीच्या कडेला ध्वनीसाठी असलेल्या जागेत खुणा करून आवाजही तयार करत.

प्रश्न: पुढच्या वर्षी विद्यार्थी विभागासाठी स्वतःचा तीन मिनिटांचा लघुपट करायचा विचार आहे. जमेल का?

उत्तर: एक मिनिटाचा करा. ऑन टूज धरलं तरी एका मिनिटाला ७२० चित्रं लागतात. रोज ३० झाली तर २४ दिवस, त्याही कच्च्या रेषा; साफ रेषा आणि रंग यांना त्याहून जास्त वेळ जातो. तीन मिनिटांना २,१६० चित्रं होतात. पार्श्वभूमी बाजूला सरकत असताना पात्र चालत असेल तर तेवढा भाग सेकंदाला २४ चित्रांचा ठेवा, नाहीतर पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात आणि कडा दुहेरी होतात.

चित्रं काढण्याआधी स्टोरीबोर्डची (शॉटवार कच्च्या चित्रांची) छायाचित्रं क्रमाने लावून, कच्चा आवाज घालून ॲनिमॅटिक बनवा आणि तो तीन जणांना काही न सांगता दाखवा. जिथे ते घड्याळ पाहतील तो शॉट तेव्हाच काढून टाका. ही पायरी चुकवली तर आठवडाभर रंगवलेला शॉट शेवटी कापावा लागतो. संगीत दुसऱ्याचं वापरणार असाल तर परवानगी लेखी घ्या, कारण प्रवेशअर्जात ती विचारतात. श्रेयनामावली दहा सेकंदांत बसवा.