मेलबर्नमध्ये दोन मुलांसह कॅम्पिंग आणि रोजचं ऑफिस: ड्युअल कॅब यूट कोणती घ्यावी?

ड्युअल कॅब यूट म्हणजे चार दारांची, मागे हौदा असलेली पिकअप. त्यात फोर्ड रेंजर, टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स तिन्ही चांगल्या आहेत. फक्त ३,५०० किलो टोइंगच्या (मागे ट्रेलर ओढण्याच्या) जाहिरातीला भुलू नका, पेलोड, म्हणजे गाडीवर एकूण किती वजन लादता येतं, ते बघा. तो बहुतेक मॉडेलांत ९०० ते १,००० किलोच्या आसपास असतो. त्यातच तुम्ही सगळे, बुलबार (पुढचा मजबूत गार्ड), कॅनपी (हौद्यावरचं बंद आच्छादन), फ्रिज, पाणी आणि कॅम्पर ट्रेलरचा टो-बॉलवर (तो जोडायच्या गोळ्यावर) येणारा भारही धरावा लागतो. बेरीज करून बघा, हाती फार थोडं उरतं. टेस्ट ड्राइव्हला मुलांच्या सीट न्याच, टॉप टेदर (सीट वरून मागे बांधायचा पट्टा) लावून बघा. ऑफिस पाच-सात किलोमीटरवर असेल तर डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदू शकतो. तो साफ व्हायला अधूनमधून फ्रीवेवर लांब फेरी हवीच. मी रेंजर घेईन, रोजच्या रस्त्यावर ती जास्त आरामशीर वाटते.