पहिला अल्बम आला, आता नोकरी की गाणं?

कोपरखैरण्याहून एका आईने लिहिलं आहे: मुलगी २२ वर्षांची, बी.एस्सी. आयटी पूर्ण. स्वतः लिहिलेली, चाली लावलेली आणि गायलेली ८ मराठी गाणी तिने अल्बम म्हणून ऑनलाइन आणली. दीड लाख खर्च झाला, निम्मा तिच्या शिकवण्यांतून, निम्मा आमचा. एक गाणं ११ हजार वेळा ऐकलं गेलं, पाच गाणी हजाराच्याही आत राहिली. एका छोट्या पोर्टलने कौतुक केलं, नातेवाइकांनी ‘यात तबला कुठाय’ विचारलं. दोन महिने तिने गिटारला हात लावलेला नाही. महापेच्या कंपनीत नोकरी मिळतेय, आणि एका म्युझिक कंपनीने पुढच्या तीन गाण्यांसाठी २५ हजारांचा करार पाठवलाय. नोकरी घ्यावी, साउंडचा कोर्स करावा, की शास्त्रीय संगीतातलं विशारद पूर्ण करावं?

ताई, नोकरी घेऊ दे तिला. पण अल्बम पडला म्हणून नव्हे. तो पडलेला नाही. पुढच्या गाण्यांसाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून घ्यायची. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम शहराचे नगराध्यक्षही होते. आपल्याकडे गाणी लिहिणाऱ्यांनी दुसरं काम सांभाळणं नवीन नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. फक्त शिफ्ट दिवसाची आहे ना, हे सही करण्याआधी विचारा. रात्रपाळीत गळाही जातो आणि रियाजही. पगार थोडा कमी असला तरी दिवसाची शिफ्ट घ्या.

आता आकडे. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं गेलं की एक स्ट्रीम मोजतात. मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला तिथे रॉयल्टी मिळत नाही, हा नियम २०२४ पासून आहे. म्हणजे वर्षभरात हजाराचा टप्पा गाठला नाही, तर तिच्या पाच गाण्यांना तिथून काही यायचं नाही. दीड लाख वसूल होणार नाहीत हे घरातल्या सगळ्यांनी आताच मान्य करा. ‘या महिन्यात किती आले?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटावर रोज आला तर कुणीही गिटार खाली ठेवेल.

मात्र कलाकाराच्या खात्यात आणखी माहिती दिसते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. किती जणांनी गाणं स्वतःकडे सेव्ह केलं, एकेक श्रोता किती वेळा परत आला, कुठल्या शहरांतून ऐकलं गेलं. ११ हजारवालं गाणं एखाद्या प्लेलिस्टमध्ये लागल्यामुळेही चाललेलं असू शकतं. तसं असेल आणि सेव्ह मोजकेच असतील, तर त्याच्यासारखं दुसरं गाणं लिहायच्या मागे तिने लागू नये. उलट सहाशे वेळा ऐकलेल्या गाण्याला साठ-सत्तर जणांनी जपून ठेवलं असेल, तर तिचे श्रोते तिथे आहेत. तिच्याबरोबर बसून एकदा हे बघा.

तुम्ही प्रतिक्रियाही पाठवल्यात. तबल्याची तक्रार सोडून द्या. पण तीन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी ‘शब्द नीट कळत नाहीत’ असं लिहिलंय, ते मनावर घ्यायला हवं. तिची खरी ताकद लिहिण्यात आहे, तुम्ही पाठवलेल्या ओळींवरून मला याबद्दल शंका नाही. तेच शब्द गिटारखाली दबत असतील तर दोन गाण्यांचं मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा मेळ, पुन्हा करून घ्यावं. तेवढ्यासाठी लाखांचा कोर्स नको. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधला साउंडचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ध्वनी हाच पेशा करणाऱ्यांसाठी आहे, आणि तुमच्या पत्रात तिची तशी इच्छा कुठेच दिसत नाही. घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकणं सध्या पुरे. विशारद मात्र करावं, सावकाश. त्याआधीची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीच आहे, ती घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळ तुमच्याजवळ वाशीतच आहे. प्रमाणपत्रापेक्षा श्वास आणि उच्चार पक्के व्हावेत म्हणून करावं.

कराराचा मसुदा मी दोनदा वाचला. या स्वरूपात त्यावर सही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात ‘शब्द, चाल व रेकॉर्डिंगचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असं आहे. आपल्या कायद्यात शब्द आणि चालीचा कॉपीराइट रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मुलगी आज २२ वर्षांची आहे. २५ हजारांत ती काय देऊन बसेल, तुम्हीच बघा. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्या नावे करता येत नाही, तो सोडूनही देता येत नाही. मसुद्यात मात्र रॉयल्टीचा उल्लेखच नाही. कंपनीला विचारा: हक्क फक्त रेकॉर्डिंगचे आणि ठरावीक वर्षांपुरते घ्याल का? करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून तर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द मुद्दाम घातलेला असतो. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा फी देऊन कागद दाखवा.

तिने आयपीआरएसचं सदस्यत्वही घ्यावं. १९६९ पासूनची ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची रॉयल्टी गोळा करते. तुमची मुलगी गीतकार आहे आणि संगीतकारही. गाणी ऑनलाइन टाकणारा डिस्ट्रिब्युटर रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. शब्द-चालीचा वाटा यापेक्षा वेगळा, हे नव्या मुलांना कुणी सांगतच नाही. ज्या दोन मित्रांनी गाण्यांचं संगीत संयोजन केलं, त्यांचा वाटा किती हेही आताच, मैत्री चांगली असताना, कागदावर आणा.

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. वाशीचं भावे नाट्यगृह घ्यायचा विचार सध्या सोडा, रिकाम्या खुर्च्या बघून ती आणखी खचेल. ठाण्याच्या दिवाळी पहाटेत लोकांना ओळखीची गाणी हवी असतात, तिथे स्वतःची गाणी ऐकवायचा हट्ट नको. सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस माणसं बोलवा, छोटं तिकीट ठेवा, आणि कुठलं गाणं पुन्हा म्हणायला सांगतात ते तिला टिपून ठेवू दे.

गिटारबद्दल तिला काही दिवस विचारू नका. इतकं मनापासून काही केल्यावर येणारा थकवा खरा असतो. पण तो आणखी महिनाभर तसाच राहिला, झोप-जेवण बिघडलं, तर समुपदेशकाकडे न्या, उशीर करू नका.

म्युझिक कंपनीला या आठवड्यात उत्तर द्यायचंय म्हणता. ते तिच्याच नावाने, ईमेलवर, लेखी जाऊ दे. फोनवर ‘हो’ म्हणू नका. त्यांनी बदललेला मसुदा पाठवला तर मला जरूर पाठवा, मी वाचेन.