आरव्ही पायथ्याला, सायकल घाटात

अमेरिकेत आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन डोंगरात सायकल चालवण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच पट्ट्यावर आहे : आयडाहोतल्या जुन्या रेल्वेमार्गांवरचे सायकलरस्ते आणि मोंटानातले ग्लेशियर नॅशनल पार्क. म्हणून या वेळी सगळी उत्तरे त्याच पट्ट्याची.

प्रश्न : जुलैमध्ये सिएटलहून २५ फुटी आरव्ही घेऊन दहा दिवस निघायचे आहे. दोन मोठे, दोन मुले, चार सायकली. रोज नव्या ठिकाणी मुक्काम करावा का? ग्लेशियरमधला ‘गोइंग टू द सन’ रस्ता आरव्हीनेच पार करून पलीकडे उतरता येईल ना?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण सगळा बेत त्यावर ठरतो. नाही येणार. अॅव्हलांच कॅम्पग्राउंडच्या पुढे लोगन पास या खिंडीतून पलीकडे जाणाऱ्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला मनाई आहे. लांबी बंपरसकट आणि रुंदी आरशांसकट मोजतात. त्यामुळे ‘आमची तर छोटी व्हॅन आहे’ म्हणणारेही कधी कधी आरशांपायी अडकतात. शिवाय लोगन पासहून पश्चिमेला ‘द लूप’ या तीव्र वळणाकडे उतरताना कडा रस्त्यावर झुकलेला आहे. १० फुटांहून उंच गाडीला तिथे त्रास होतो, आणि छतावर एसी असलेली आरव्ही सहज ११-१२ फूट भरते.

पलीकडे जायचेच असेल तर हायवे २ ने मरायस पास (५,२१३ फूट) ओलांडा, ब्राउनिंगपर्यंत जा आणि तिथून ८९ ने सेंट मेरी गाठा. ईस्ट ग्लेशियरहून ४९ नंबरचा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो. तो अरुंद आणि वळणावळणाचा आहे, मोठी गाडी त्यात घालू नका.

आता मुक्काम. रोज जागा बदलली की रोज पाण्याचा पाइप, विजेची केबल, पातळी साधणे आणि सायकली काढणे-बांधणे आले. त्यात दीड-दोन तास जातात, तेही सायकलीसाठी सगळ्यात चांगल्या सकाळच्या वेळातले. दहा दिवसांत तीन तळ पुरेत. पहिला कर दालेन सरोवराच्या दक्षिण टोकाला हेबर्न स्टेट पार्कमध्ये, दुसरा वॉलेस-केलॉग परिसरात आणि तिसरा ग्लेशियरच्या पश्चिम बाजूला. सिएटल ते कर दालेन शहर सुमारे ३१० मैल. आरव्हीने तो पूर्ण दिवसाचा प्रवास धरा. त्या दिवशी सायकल नको.

पहिल्या दोन तळांवर ‘ट्रेल ऑफ द कर दालेन्स’ हाताशी आहे. मलन ते प्लमर, सुमारे ७३ मैल, सगळा डांबरी आणि जवळपास सपाट. मुलांना रुळवायला याहून चांगला रस्ता मिळणे कठीण. हेबर्नजवळ चॅटकोलेटचा जुना रेल्वेपूल सरोवरावरून पलीकडे जातो. तो ओलांडून हॅरिसनपर्यंत जाऊन परत येणे हा सायकलीच्या पहिल्या दिवसाचा बेत.

इथे एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. हा मार्ग खाणपट्ट्यातून जातो. रुळांखालच्या भरावात शिसे आणि इतर जड धातू मिसळलेला खाणीचा गाळ होता, आणि वरचे डांबर हे त्या गाळावर घातलेले झाकण आहे. म्हणून मुलांना मार्गाबाहेरच्या मातीत खेळू देऊ नका. ठरवलेल्या बाकांवरच बसा, खाण्याआधी साबणाने हात धुवा आणि नदीचे पाणी गाळून वा उकळूनही पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही.

प्रश्न : सायकलींचा रॅक आरव्हीच्या मागच्या बंपरला लावला तर चालेल का? गाडीला लावतो तोच रॅक आहे.

बंपरला नको. बऱ्याच आरव्हींचा मागचा चौकोनी बंपर म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ नळी असते. सांडपाण्याचा पाइप तिच्यात ठेवतात, आणि ती सांगाड्याला दोन-चार वेल्डिंगच्या टाक्यांवर धरलेली असते. चार सायकलींचे ६० किलो आणि रॅकचे २० किलो असे ८० किलो तिथे लटकवले की टाके सुटतात, आणि ते गाडी चालवणाऱ्याला कळतही नाही.

सांगाड्याला जोडलेला दोन इंची हिच रिसीव्हर, म्हणजे रॅक खोचायची चौकोनी खोबण, हवा. तो असला तरी गाडीसाठी घेतलेला रॅक पुरेलच असे नाही. आरव्हीत मागच्या चाकापासून शेपटापर्यंतचे अंतर मोठे असते. चाक खड्ड्यात गेले की शेपूट कारपेक्षा कितीतरी जास्त उसळते आणि रॅकला हिसका बसतो. म्हणून काही रॅकनिर्माते आरव्हीसाठी वेगळी, कमी वजनमर्यादा देतात, तर काही सरळ मनाई करतात. रॅकच्या पुस्तिकेत ‘आरव्ही’ हा शब्द शोधा. तो नसेल तर परवानगी नाही असेच समजा.

चाकांना धरणारा, सायकली फळीवर उभ्या ठेवणारा रॅक घ्या. मधल्या दांडीला लटकवणाऱ्या रॅकवर सायकली एकमेकींवर घासतात. रिसीव्हरमधला खडखड ढिलेपणा काढायला आवळायचा बोल्ट वापरा. सायलेन्सरची नळी कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तिच्या समोर टायर आला तर लांबच्या चढावर रबर शिजते. निघाल्यावर पहिल्या वीस मैलांनी थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल पडतात.

भाड्याच्या आरव्हीबाबत करार आधी वाचा, कारण अनेक ठिकाणी स्वतःचा रॅक लावायला मनाई असते. तसे असेल तर हट्ट नको. आयडाहो-मोंटाना सीमेवरच्या लुकआउट पास या खिंडीत सायकल, हेल्मेट आणि दिवा सगळेच भाड्याने मिळते. आणि रॅक लावलाच तर गाडीच्या लांबीत तीनेक फूट मिळवा. २५ फुटी गाडी २८ची झाली की कॅम्पग्राउंडच्या जागेचे गणित चुकते.

प्रश्न : पुण्याहून आलेले आई-बाबा (वय ६८ आणि ७१) आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर आहेत. ‘रूट ऑफ द हायावाथा’ सगळ्यांना झेपेल का? बोगद्याची भीती वाटते.

तिघांनाही सायकल नीट येत असेल तर हा मार्ग त्यांच्यासाठीच आहे. ‘मिलवॉकी रोड’ या रेल्वेचा हा जुना मार्ग : १५ मैल, दहा बोगदे, सात उंच लोखंडी पूल. मोंटानाच्या बाजूने सुरू केले की उतार इतका मंद की पाय जवळपास मोकळेच. खाली पीअरसनला पोचल्यावर बस सायकलींसकट वर रोलंडला आणते. मार्गाच्या प्रवेशतिकिटात बसचे तिकीट धरलेले नसते, ते वेगळे घ्या. मार्ग साधारण मेअखेर ते सप्टेंबर खुला असतो.

सुरुवातीलाच सेंट पॉल पासचा, म्हणजे टाफ्टचा बोगदा लागतो. १.६६ मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या जवळपास, पूर्ण काळोख. बाहेर जुलैचे ऊन आणि आत ७-८ अंश सेल्सिअस. छतातून पाणी ठिबकते, दोन्ही कडांना उघडी गटारे वाहतात आणि जमिनीवर चिखल असतो. पडणारे बहुतेक त्या गटाराच्या काठाला जाऊनच पडतात. दिवा आणि हेल्मेट सक्तीचे आहेत, आणि दिवा खरा हवा, निदान ३०० ल्युमेनचा. मोबाइलची बॅटरी हातात धरून चालवणे म्हणजे एका हाताने ब्रेक मारणे. मुलीला मधोमध आणि तुमच्या पुढे ठेवा, म्हणजे तुमच्या दिव्याचा उजेड तिच्या चाकापुढेही पडेल. गॉगल आत शिरण्याआधीच काढायला सांगा. जर्किन बॅगेच्या तळाशी नको, वर ठेवा, कारण बस रोलंडला, म्हणजे बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी सोडते आणि गाडीपाशी यायला हाच बोगदा पुन्हा पार करावा लागतो. आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा. ‘झाला एकदाचा’ म्हटल्यावर तो परत समोर आला की माणूस वैतागतो.

पुलांना कठडे आहेत. केली क्रीकचा पूल दरीपासून सुमारे २३० फूट उंच आहे. उंचीचे भय असणाऱ्याने मधून, समोर पाहत चालवावे. थांबून खाली वाकायची सक्ती नाही.

दोन खाचा. पहिली, आरव्ही हायवे ९० च्या टाफ्ट एक्झिटवरून (मोंटाना, क्रमांक ५) ईस्ट पोर्टलला, म्हणजे बोगद्याच्या मोंटानाकडच्या तोंडाशी न्या. पीअरसनकडे जाणाऱ्या डोंगरी कच्च्या रस्त्याला मोठी गाडी लावू नका. दुसरी, घड्याळ. राज्याची सीमा इथे वेळेचीही सीमा आहे. ईस्ट पोर्टलला मोबाइल मोंटानाची वेळ दाखवतो, पण मार्गाचे आणि बसचे वेळापत्रक पॅसिफिक वेळेचे, म्हणजे एक तास मागचे असते.

प्रश्न : लोगन पास सायकलने चढायचा आहे. सिंहगड नेहमी करतो. मुक्काम अॅपगारला. किती वाजता निघू?

अॅपगारहून निघत असाल तर साडेपाचला. त्याहून बरे म्हणजे मुक्कामच अॅव्हलांचला हलवा. कारण सांगतो.

१५ जून ते लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत दोन टप्पे सायकलींना बंद असतात. एक, अॅपगार ते स्प्रेग क्रीक, दोन्ही दिशांनी. दुसरा, लोगन क्रीक ते लोगन पास, फक्त चढताना. म्हणजे अकराच्या आत खिंडीत पोचलेच पाहिजे. पार्कच्या हिशेबाने स्प्रेग क्रीक ते लोगन क्रीक पाऊण तास आणि तिथून खिंड तीन तास. अॅपगार ते स्प्रेग क्रीकला आणखी पाऊण तास धरला तर चालवण्याचेच साडेचार तास झाले. पंक्चर, पाणी आणि फोटो वेगळे.

आणि खरी गंमत परतीची. खिंडीतून बाराला निघालात तर उतरायला हरकत नाही, पण स्प्रेग क्रीकला चार वाजेपर्यंत अडकाल. लेक मॅकडोनाल्ड लॉजवर बसून कॉफी पिणे एवढाच उद्योग. अॅव्हलांचला मुक्काम असेल तर हा टप्पा आडवा येतच नाही : १६ मैल वर, १६ खाली, साडेसहाला निघा. तिथल्या काही जागा २६ फुटांपर्यंतच्या गाडीला चालतात. रॅकसकट मोजा.

चढाची जात सिंहगडापेक्षा वेगळी आहे. खरा चढ सुरू झाल्यावर तो सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सिंहगडाच्या टोकाच्या वळणांसारखे कुठेही उठून उभे राहावे लागत नाही. पण तो संपत नाही. तीन हजारांहून अधिक फूट एका दमात चढायचे असतात. पहिल्या तासात सिंहगडाच्या जोरात पाय मारणारे शेवटच्या पाच मैलांत बसतात. बोलता येईल इतक्याच दमाने चढा. पुढे ३४ आणि मागे निदान ३२ दात्यांचे गियर ठेवा. दर पाऊण तासाने काहीतरी खा. लोगन पासवर खायला काहीच विकत मिळत नाही, तेव्हा दशम्या किंवा गूळ-शेंगदाण्याचे लाडू खिशात असू द्या. दोन लिटर पाणी, वारा अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे न्या. ६,६४६ फुटांवर जुलैतही बाजूला बर्फ असते, आणि घामाने भिजून उतरलात तर ब्रेक दाबायला बोटे वळत नाहीत.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. रिमब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते, डिस्क असेल तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन पकड जाते. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, थंड होऊ द्या. ‘वीपिंग वॉल’पाशी कड्यातून झिरपणारे पाणी रस्त्यावर येते, तिथे वेग आधीच कमी करा. (आरव्हीलाही हाच नियम. लुकआउट पास उतरताना ‘टो-हॉल’ (जड वजनासाठीचा) मोड लावून खालच्या गियरवर या. ताशी ४५ मैलांवर गेली की ब्रेक मारून ४० वर आणा आणि पाय काढा.)

अस्वलांसाठीचा फवारा हँडलपाशी, हाताला लागेल असा बांधा. तो अंगाला लावायचा नसतो, हे सांगावे लागते. विमानात नेता येत नाही, तिथेच विकत घ्या. सायकल आवाज न करता वेगाने येते, म्हणून पहाटे आंधळ्या वळणांवर हाका मारत जा.

प्रश्न : आमच्या दोन्ही सायकली विजेच्या आहेत. ग्लेशियरच्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्री चार्ज होतील?

तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणीच नाही. हिशेब करा : एका सायकलीची बॅटरी ५०० वॉट-तासांची. आरव्हीतली १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० वॉट-तास. इन्व्हर्टरमधली गळती धरून एक सायकल चार्ज केली की रात्री दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बंद. जनरेटर ठरलेल्या तासांतच चालवता येतो, तेव्हा चार्जर त्या वेळेत लावा. नाहीतर आदल्या दिवशी वीज असलेल्या खासगी कॅम्पग्राउंडवर दोन्ही भरून या. रस्त्याने जाताना सायकलींच्या बॅटऱ्या काढून आत ठेवा. रॅकवरचे पाच-सहा किलो तेवढेच कमी होतात.

आणि विजेची जोडणी असली तरी ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकदम लावली की ब्रेकर पडणारच.

प्रश्न : संडासाची टाकी तीन दिवसांतच भरली. कंपनी म्हणते पाच दिवस पुरते.

ती पाच दिवस कागद वापरणाऱ्यांना पुरते. आपला तांब्या प्रत्येक वेळी अर्धा-एक लिटर भर घालतो. चार माणसांचा हिशेब तुम्हीच मांडा. तांब्या सोडायचा नसेल तर दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करायचे धरून चाला, किंवा छोटा हातफवारा वापरा. त्याला पाव लिटर पुरते. उलट पाणी फार वाचवलेत तर मैला टाकीच्या तळाशी सुकून बसतो, म्हणून रिकामी केल्यावर आठ-दहा लिटर पाणी आत सोडून ठेवा. उपसताना आधी काळी (संडासाची) टाकी, मग भांड्या-अंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. फोडणीचे तेल मोरीत ओतू नका, कागदाने पुसून कचऱ्यात टाका. ग्लेशियरमध्ये तो कचराही रात्री बाहेर ठेवायचा नाही, आणि खरकटी कढईही.