वाचक विचारतात : नवखा माणूस बसतो कुठं?

प्रश्न : वास्कोत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्चची सभा) भरते, ६०-७० माणसांची. दर रविवारी चार-पाच नवे चेहरे दिसतात. बहुतेक बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडून कामासाठी आलेले. आम्ही माइकवरून त्यांना उभं करतो, टाळ्या वाजवतो, गुलाब देतो. तरी दुसऱ्यांदा येणारा विरळाच. काय चुकतं?
— पंचकमिटीतील एक सभासद, वास्को

उत्तर : उभं करणं येत्या रविवारपासून बंद करा. नवख्याला त्या घडीला एवढंच हवं असतं की आपल्याकडे कुणी बघू नये. जो घरी न सांगता, नुसतं बघायला म्हणून आलाय, त्याला तर त्या टाळ्यांची धास्तीच वाटते. गुलाबाचे पैसे चहात घाला.

दारावर दोघं हवेत आणि दोघांची कामं वेगळी. एकानं दार सोडायचं नाही. दुसऱ्यानं आलेल्याला आत जागेपर्यंत न्यायचं आणि परत यायचं. एकटाच ठेवला तर तो पहिल्या कुटुंबाबरोबर आत जातो आणि मागून आलेले दाराशी ताटकळतात. उपासना साडेनऊची असेल तर दोघंही ९.१० ला हजर, आणि सुरू झाल्यावर आणखी १५ मिनिटं तिथंच. पत्ता शोधत येणारा माणूस उशिराच येतो. पहिलं गीत सुरू झालं की दारावरचे आत पळतात, आणि नेमका तेव्हा तो पोचतो.

‘सलाम’ किंवा ‘प्रभूची स्तुती असो’ आपसात ठीक आहे. नवख्याला त्यावर काय म्हणायचं ते ठाऊक नसतं. नमस्काराला नमस्कार सगळ्यांना येतो. ‘पहिल्यांदाच आलात का?’ असंही विचारू नका. सहा महिने येणाऱ्याला तुम्ही कधीतरी हे विचाराल आणि तो मनाला लावून घेईल. ‘आपली भेट राहिली होती’ म्हटलं की दोन्हीकडे भागतं. आधी स्वतःचं नाव सांगा, मग त्याचं विचारा. आडनाव आणि मूळ गाव मात्र नको. आपण जिव्हाळ्यानं विचारतो हे खरं, पण दोन्ही एका दमात विचारले की ऐकणाऱ्याला जात विचारल्यासारखं वाटतं (आणि ते वाटणं दरवेळी चुकीचं असतं असंही नाही). ‘सध्या राहता कुठं?’ हे चालतं. बायणा, सडा, झुवारीनगर, जे सांगेल त्यावरून तिकडच्याच सभासदाशी गाठ घालून देता येते.

जागेचा घोळ जवळपास सगळीकडे आहे. आपलीच माणसं आधी येऊन शेवटच्या रांगा आणि कडेच्या खुर्च्या अडवतात, मग नवख्याला सगळ्यांच्या नजरेखालून पुढं जावं लागतं. मागच्या दोन रांगा मोकळ्या राहू द्या. ‘पाहुण्यांसाठी’ असा कागद चिकटवू नका. जुन्यांनीच पुढं सरकावं.

आणि त्याच्या शेजारी कुणीतरी बसायलाच हवं. बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं तर काही उपयोग नाही. बाई एकटी आली असेल तर शेजारी बाईच. शेजाऱ्यानं गीतपुस्तक उघडून क्रमांकावर बोट ठेवायचं, कधी उठायचं ते हळूच सांगायचं. ‘यशया ४०’ म्हटल्यावर ते कुठं शोधायचं, हे ज्यानं पवित्र शास्त्र कधी हातात धरलं नाही त्याला कसं कळणार? त्याला पानाचा आकडा सांगा. मात्र प्रती एकाच आवृत्तीच्या असतील तरच तो जुळतो. दानाची थैली दोन रांगा दूर असतानाच ‘तुम्ही नाही टाकलं तरी चालतं’ हे सांगून ठेवायचं. थैली समोर आल्यावर सांगितलंत तर खिशात गेलेला हात तसाच अडकतो. प्रभुभोजनाबाबत (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) पाळकांचा नियम आधी विचारून घ्या आणि तेवढाच सांगा.

आशीर्वाद झाला की पंचांचं टोळकं जमतं : हिशेब, किल्ल्या, गायनाची तालीम. तोवर नवखा फाटकाबाहेर. कमिटीपुरता नियम करा : पहिली पाच मिनिटं एका पंचानं दुसऱ्याशी बोलायचं नाही. चहा आतल्या खोलीत नको, बाहेर पडायच्या वाटेवर मांडा. १०० मिलिलिटरच्या ५० कपांना ३ लिटर पाणी, अडीच लिटर दूध, साधारण १२० ग्रॅम पूड आणि ४०० ग्रॅम साखर पुरते. उकळताना थोडा आटतो ते यात धरलं आहे. पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी बादली आणि पायाखाली गोणपाट.

वहीत दोनच गोष्टी लिहा : नाव, आणि शेजारी कोण बसलं होतं. फोन नंबर त्यानं आपणहून दिला तरच, आणि तो लगेच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका. ७० अनोळखी माणसांकडे नंबर गेला की पहाटेपासून सुप्रभातची फुलं सुरू. सोमवारी शेजारी बसलेल्यानंच एक निरोप पाठवावा : ‘काल भेटून बरं वाटलं. येत्या रविवारी मी आहे.’ उत्तर आलं नाही तर दुसरा निरोप नाही. न बोलावता घरी तर मुळीच जाऊ नका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालक आणि शेजारी काय म्हणतील याचाही विचार करावा लागतो.

प्रश्न : मुलीचं लग्न इगर्जीत (चर्चमध्ये) आहे. निम्मे पाहुणे हिंदू, मराठी वाचणारे. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला (सणाला) तेल घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना इगर्ज नवी नाही, मिस्सा (कॅथलिक उपासना) नवी असते. पत्रिकेवर मिस्सा आणि रिसेप्शन अशा दोन वेळा असतात, आणि पहिली आपल्यासाठी आहे की नाही, या शंकेनं पुष्कळजण थेट जेवणालाच येतात. आमंत्रण देतानाच ‘चारलाच या, तासाभराचा विधी आहे’ असं तोंडानं सांगा.

दारावर अर्ध्या पानाचा देवनागरी कागद द्या. कोंकणी मिस्सेची पुस्तिका बहुधा रोमी (रोमन) लिपीत असते, ती त्यांना वाचता येणार नाही. कागदात एवढंच असू द्या : चपला काढायच्या नाहीत, सगळे उठले की उठा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तरी चालेल, कम्युनियन (पवित्र भाकर घेणं) फक्त कॅथलिकांसाठी, तेव्हा जागेवरच थांबा, शांतीची खूण करताना शेजाऱ्याला हात जोडा. चपलांची ओळ सगळ्यात वर. माणूस सवयीनं पायरीवर चपला काढतो आणि आत सगळ्यांच्या पायांत बूट बघून ओशाळतो. कम्युनियनचा गोंधळ रांगेमुळे होतो : पुढचा उठला की मागचा उठतो, आणि प्रसाद म्हणून हात पुढे होतो. म्हणून दर दोन-तीन बाकांमागे आपला एक माणूस कडेला बसवा. अक्षता आणणार असतील तर त्या बाहेर, पायऱ्यांवर टाकायच्या की कसं, ते पाद्रींना आधीच विचारा. आत पडल्या तर झाडूवाल्याची आणि पुढच्या मिस्सेची पंचाईत.

प्रश्न : नावं लक्षातच राहत नाहीत. उपाय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ऐकल्याबरोबर एकदा मोठ्यानं म्हणा, निरोप घेताना पुन्हा, आणि ती व्यक्ती फाटकाबाहेर गेली की स्वतःच्या वहीत नोंद : ‘निळा चष्मा, लहान मुलगी, शिपयार्ड’. पुढच्या रविवारी दारावर उभं राहण्याआधी मागची दोन पानं वाचा. तरीही विसरलात तर सरळ सांगा, ‘नाव पुन्हा सांगा हो’. दुसऱ्या आठवड्यात ते शोभतं, सहाव्या महिन्यात नाही.