सुट्टीत दिघ्यातल्या वस्तीत ५० मुलांना रोज दुपारी खिचडी द्यायची आहे. शिधा किती लागेल? उरलेली संध्याकाळी वाटली तर चालेल का?

पहिली ते पाचवीच्या ५० मुलांना रोज ५ किलो तांदूळ, १ किलो मूगडाळ, अडीच किलो भाज्या आणि पाव किलो तेल लागेल. उरलेली खिचडी मात्र संध्याकाळी अजिबात वाटू नका. प्रमाण शालेय पोषण आहाराचंच आहे: दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीची मुलं असतील तर सगळं दीडपट धरा. पाणी १८ ते २० लिटर. खिचडी सैलच ठेवा, झाकून ठेवली की आळते.

खरा धोका तांदळात आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, त्यात मे महिन्याचा दमट उकाडा. म्हणून साडेअकराला गॅस बंद, बाराला पंगत. मे महिन्यात बरीच मुलं गावी जातात, तेव्हा आदल्या संध्याकाळी डोकी मोजूनच तांदूळ काढा.